नकाराचे पत्र



२ ऑक्टोबर २०२५ या दिवशी अशोक विजयादशमी होती. नागपूरला दीक्षाभूमीवर भीमसागर लोटला होता. त्याच दिवशी सकाळी इंग्लंडातल्या मँचेस्टर शहरात ज्यू लोक आपल्या वर्षातल्या सर्वात पवित्र उपवासाच्या प्रार्थनेसाठी सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, जमले होते. एका माणसाने दारातल्या लोकांवर मोटार घातली आणि चाकू घेऊन तो धावला. त्या हल्ल्यात दोन भाविकांचा जीव गेला. त्यांचा गुन्हा कोणता? ते ज्यू होते, एवढाच.

जन्म कुठल्या आईच्या पोटी झाला एवढ्यावरून माणसाला मारायचे, हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. म्हणून या आठवड्यात आम्ही आपल्याशी ज्यूद्वेषाबद्दल बोलणार आहोत. विशेषतः इंग्लंडमधल्या एका धर्मादाय संस्थेबद्दल, जिने हातात काठी न घेता कायद्याचे पुस्तक घेतले.

ज्यू म्हणजे कोणी परके लोक, असे आपल्यातल्या तरुणांना वाटेल. पण रायगड जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती सांगतील, आमच्या गावात शनवार तेली होते. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. तेच बेने इस्रायल, घरात आपल्यासारखीच मराठी बोलणारे. मुंबईत मस्जिद बंदर स्टेशनवर रोज उतरणाऱ्या आपल्या हमाल बांधवांना कदाचित ठाऊक नसेल, पण जवळच्या सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ साली स्थापन झालेले ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे, आणि स्टेशनला मस्जिद हे नाव त्यावरून पडले असे सांगतात. कोकणच्या मातीने या लोकांना कधी छळले नाही. २००८ च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये ज्यूंची हत्या झाली, ती बाहेरून आलेल्या मारेकऱ्यांनी केली.

युरोपचा इतिहास मात्र वेगळा आहे. इंग्लंडपुरतेच बोलायचे तर ११४४ साली नॉर्विच गावात एक मुलगा मेलेला सापडला आणि ज्यूंनीच त्याला धर्मविधीसाठी मारले अशी आवई उठली. पुरावा काही नव्हता. पण ही आवई पुढे कित्येक शतके युरोपभर फिरली आणि तिने हजारोंचे बळी घेतले. ११९० साली यॉर्कला ज्यू वस्तीचा संहार झाला. १२७५ च्या कायद्याने त्यांना अंगावर पिवळ्या कापडाची खूण लावणे सक्तीचे झाले. (गळ्यात मडके आणि कमरेला झाडू, हे आपल्याला आठवल्याशिवाय राहत नाही.) १२९० साली राजाने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर हाकलले. त्यांना परत येऊ दिले ते १६५६ च्या सुमारास.

व्हेनिस शहरात १५१६ साली ज्यूंना कोंडून ठेवण्यासाठी जी वस्ती केली तिचे नाव गेटो. बाबासाहेबांनी अस्पृश्यांवर लिहिलेल्या एका हस्तलिखिताच्या शीर्षकात हाच शब्द वापरला आहे, अस्पृश्य म्हणजे भारताच्या गेटोतली लेकरे. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ते छापले आहे. ज्याच्या घरी नसेल त्याने विहाराच्या वाचनालयात पाहावे. ज्यूंचे दुःख आणि आपले दुःख एकच आहे असे बाबासाहेबांनी मानले नाही, फरकही त्यांनी दाखवले. पण रोगाची जात त्यांनी ओळखली होती.

आता कायद्याकडे येऊ. १९३६ साली लंडनच्या ईस्ट एंड भागात मोस्ले नावाचा फॅसिस्ट पुढारी काळे डगले घातलेल्या आपल्या माणसांचा मोर्चा ज्यू वस्तीतून काढणार होता. ४ ऑक्टोबरला केबल स्ट्रीटवर ज्यू शिंपी, आयरिश गोदी कामगार, कम्युनिस्ट कामगार सगळे रस्त्यात उभे राहिले आणि मोर्चा वळवावा लागला. त्याच वर्षी राजकीय गणवेशांना बंदी घालणारा कायदा झाला. पुढे १९६५ साली वंशद्वेष भडकवणे हा प्रथमच गुन्हा ठरला, आणि १९८६ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यात हे कलम आणखी पक्के झाले. कमाल शिक्षा सात वर्षे.

म्हणजे कायदा होता, आणि चांगला होता. पुढे काय घडले ते पाहा.

४ जुलै २०१५ रोजी लंडनमध्ये व्हाइटहॉलला, जिथे सगळी सरकारी खाती आहेत त्या रस्त्यावर, एक छोटी सभा झाली. सभेचा रोख ज्यूंनी आपल्या वस्तीच्या राखणीसाठी काढलेल्या स्वयंसेवक पथकावर होता. एक माजी सैनिक तिथे बोलायला उभा राहिला. त्याचे नाव छापून त्याला मोठे करण्याची आमची इच्छा नाही. देशातले सगळे राजकारणी ज्यूंच्या तालावर नाचतात, इंग्लंडला ज्यूंच्या ताब्यातून मुक्त करा, असा त्याच्या भाषणाचा सूर होता. पोलीस बाजूला उभे होते. भाषण ध्वनिचित्रफितीवर होते, म्हणजे कोण काय बोलले याबद्दल वादही नव्हता.

कॅम्पेन अगेन्स्ट अँटिसेमिटिझम, म्हणजे ज्यूद्वेषविरोधी मोहीम, या संस्थेने तक्रार केली. ही संस्था २०१४ साली काही स्वयंसेवकांनी काढली. त्या उन्हाळ्यात गाझात युद्ध चालू होते आणि त्याचा राग ब्रिटनमधल्या साध्या ज्यू दुकानदारांवर, विद्यार्थ्यांवर निघत होता. आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवतात, तशी ती तिकडच्या चॅरिटी कमिशनकडे नोंदवलेली आहे. अशी संस्था लोकांच्या देणगीवर चालते, तिला पक्षाचे राजकारण करता येत नाही, मिळालेला पैसा ठरलेल्या कामालाच लावावा लागतो. गिडिअन फाल्टर हे तिचे प्रमुख.

सरकारी वकिलांच्या खात्याने, म्हणजे क्राऊन प्रॉसिक्यूशन सर्व्हिसने, तक्रार वाचली आणि कळवले की खटला भरता येणार नाही.

इथेच शंभरातले नव्वद लोक थांबतात. सरकारी कागदावर ‘नाही’ आले की माणूस तो कागद चौघडी करून पेटीत ठेवतो. घरची मंडळी म्हणतात, जाऊ दे, आपल्याला कोण विचारतो. संस्थेने तसे केले नाही. निर्णयाचा फेरविचार करा असे तिने कळवले. तेही जमेना, तेव्हा ती हायकोर्टात गेली.

ही हायकोर्टाची वाट नीट समजून घेण्यासारखी आहे. त्या माणसाला शिक्षा द्या, अशी मागणी तिथे नव्हती. मागणी एवढीच होती, की खटला न भरण्याचा सरकारी वकिलाचा निर्णय कायद्याला धरून आहे का, हे कोर्टाने तपासावे. आपल्याकडे हायकोर्टात रिट अर्ज करतात, तसलाच हा प्रकार. म्हणजे दावा शिव्या देणाऱ्यावर नाही, शिव्या ऐकून गप्प बसणाऱ्या अधिकाऱ्यावर. आमच्या मते यातच या संस्थेची खरी हुशारी आहे. द्वेष करणारे प्रत्येक गावात दोन-चार असतातच. त्यांचे बळ त्यांच्या आवाजात नसते. समोरचा अधिकारी काही करणार नाही, या खात्रीत ते असते.

कोर्टाचा अंतिम निकाल येण्याआधीच, मार्च २०१७ मध्ये, सरकारी वकिलांच्या खात्याने माघार घेतली. आपला जुना निर्णय रद्द करून नव्या वकिलाकडून प्रकरण तपासून घेण्याचे त्याने मान्य केले. नव्या वकिलाने कागद पाहिले आणि खटला भरला. मे २०१८ मध्ये लंडनच्या सदर्क क्राऊन कोर्टात ज्यूरीने (ज्यूरी म्हणजे पंचमंडळ, ज्यूंशी या शब्दाचा संबंध नाही) त्या माणसाला दोषी ठरवले आणि न्यायाधीशांनी त्याला १२ महिन्यांची कैद दिली. भाषण तेच, कलम तेच, चित्रफीत तीच. बदलले होते ते फक्त एका कागदावरचे उत्तर. आणि त्यासाठी जवळजवळ तीन वर्षे लागली.

आता आपल्या मनात आपापल्या गावचे प्रकरण आले असेल. आमच्याही आले. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ साली झाला. १९९० साली बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला, त्यामुळे धर्मांतरित बौद्धालाही या कायद्याचे संरक्षण आहे. तरी ठाण्यावर काय ऐकू येते? अदखलपात्र नोंद करून घेतो, तालुक्याला जा, साहेब बाहेर गेलेत, गावात मिटवून टाका. गुन्हा दाखल झालाच तर काही महिन्यांनी ‘ब’ समरी. बाई शिकलेली नसेल तर तिला समरी म्हणजे काय हेही कोणी सांगत नाही. ‘ब’ समरी म्हणजे पोलीस कोर्टाला सांगतात की फिर्याद खोटी आहे. अशा वेळी फिर्यादीला नोटीस देऊन तिचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोर्टाने प्रकरण बंद करू नये, हे सुप्रीम कोर्टाने १९८५ सालीच सांगून ठेवले आहे. नोटीस आली की तारखेला हजर राहून विरोधाचा अर्ज द्यायचा असतो. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, हा १९९५ च्या नियमांतला सातवा नियम. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या सरकारी नोकराला कलम ४ खाली सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५-अ प्रमाणे आरोपीच्या जामिनाच्या वेळीही पीडिताला आपले म्हणणे मांडता येते. आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कोणी घरी बसू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही जातीच्या स्त्रीला, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मागता येतो. जिल्हा कोर्टाच्या आवारातच त्याचे कार्यालय असते.

पुन्हा लंडनला जाऊ.

तिथल्या कायद्यात खाजगी फौजदारी खटल्याची सोय आहे. सरकारने खटला भरला नाही तर नागरिक किंवा संस्था स्वतः आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करू शकते. नंतर सरकारी वकील तो खटला आपल्या हाती घेऊ शकतात, चालवू शकतात किंवा बंदही करू शकतात. या संस्थेने हेही हत्यार वापरले. एक बाई नाझींच्या छळछावण्यांची थट्टा करणारी गाणी रचून, गाऊन इंटरनेटवर टाकत असे. ज्यांचे आईबाप त्या छावण्यांत जळाले त्यांच्या मुलांनी ती गाणी ऐकावीत, अशा तऱ्हेने. संस्थेने खाजगी खटला भरला, पुढे सरकारी वकिलांनी तो हाती घेतला आणि २०१८ साली ती दोषी ठरली. कैद झाली ती स्थगित, म्हणजे पुन्हा गुन्हा केलास तर आत. तिचे अपील २०१९ साली फेटाळले गेले. पुढे तिने पुन्हा तोच उद्योग केला आणि अखेर २०२१ साली तुरुंग पाहिला.

सगळीकडे जय झाला असे मात्र नाही, आणि वाचकांपासून आम्ही ते लपवणार नाही. जून २०१७ मध्ये लंडनमध्ये पॅलेस्टाईनच्या बाजूने मोर्चा निघाला होता. चारच दिवसांपूर्वी ग्रेनफेल टॉवर ही गरिबांची उंच इमारत जळून ७२ माणसे गेली होती. मोर्चातल्या एका वक्त्याने त्या मृत्यूंचा दोष इस्रायलवादी लोकांवर टाकला. संस्थेने खाजगी खटला भरला. सरकारी वकिलांनी तो हाती घेऊन बंद केला. संस्था पुन्हा हायकोर्टात गेली आणि जानेवारी २०१९ मध्ये हरली. सरकारी वकिलाचा निर्णय तर्कात बसणारा आहे, तेव्हा आम्ही त्यात हात घालणार नाही, असे कोर्टाचे म्हणणे पडले. वाट तीच, कोर्ट तेच, उत्तर उलटे.

या संस्थेच्या प्रत्येक म्हणण्याला आमची मान डोलेल असेही नाही. इस्रायल सरकारवर टीका केली की ज्यूद्वेष झाला, असे समीकरण काही लोक मांडतात. ते आम्हाला मान्य नाही, आणि ब्रिटनमधल्या कित्येक ज्यूंनाही ते मान्य नाही. गाझातल्या लेकराबाळांसाठी ज्याचे काळीज तुटत नाही त्याला बुद्धाची करुणा कळली नाही. पण त्या रागापोटी मँचेस्टरच्या प्रार्थनामंदिरातल्या म्हाताऱ्यावर मोटार घालणे, किंवा शाळेत जाणाऱ्या ज्यू मुलीवर थुंकणे, याला टीका म्हणत नाहीत. एका जमातीतल्या सगळ्यांना एका सरकारच्या पापाचे वाटेकरी धरणे, हेच तर द्वेषाचे लक्षण. ही रेघ कुठे ओढायची यावर कोर्टातही वकील भांडत राहिले आहेत.

दुसरे मोठे प्रकरण मजूर पक्षाचे. ज्या पक्षाकडे ब्रिटनमधले गरीब आणि वंशद्वेषाचे बळी पिढ्यान्‌पिढ्या आपला म्हणून पाहत आले, त्याच पक्षातल्या ज्यू सभासदांना त्रास होऊ लागला आणि तक्रारी दाबल्या जाऊ लागल्या. संस्थेने २०१८ साली समानता व मानवी हक्क आयोगाकडे प्रकरण नेले. मजूर पक्षातल्या ज्यू कार्यकर्त्यांच्या संघटनेनेही तक्रार केली. आयोगाने मे २०१९ मध्ये रीतसर चौकशी सुरू केली. २९ ऑक्टोबर २०२० च्या अहवालात त्याने सांगितले की पक्षाने २०१० च्या समानता कायद्याचा भंग केला आहे. पक्षाच्या वतीने वागणाऱ्यांनी छळ केला, तक्रारींच्या निवाड्यात वरून ढवळाढवळ झाली, तक्रारी हाताळणाऱ्यांना पुरेसे प्रशिक्षण दिले नाही. पक्षाला सुधारणेचा आराखडा लिहून द्यावा लागला. आपल्या बाजूच्या माणसाने केलेला अन्याय आपलाच म्हणून झाकायचा, ही खोड फक्त इंग्रजांची नाही. आपल्या गटातटांच्या पुढाऱ्यांनी हा अहवाल मिळवून वाचावा. मंडळाच्या निवडणुकीआधी वाचला तर फारच बरे.

आता या सगळ्याचा आपल्याशी थेट काय संबंध, ते सांगतो. ब्रिटनच्या कायद्यात ‘वंश’ या शब्दात रंग, राष्ट्रीयत्व, मूळ देश आणि वांशिक मूळ येते. जात हा शब्द त्यात स्वतंत्रपणे नाही. आता एक ज्यू मुलगा. लंडनच्या एका नामांकित ज्यू शाळेने त्याला प्रवेश नाकारला, कारण त्याच्या आईचे धर्मांतर शाळेच्या कर्मठ धर्मगुरूंना मान्य नव्हते. आई ज्यू नाही, म्हणून मुलगा ज्यू नाही. २००९ साली ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार अशा निकालाने सांगितले की शाळेचा हेतू वाईट नसेल, पण आई कोण यावरून निवड करणे म्हणजे वंशावळीवरून भेद करणे, आणि वंशावळ ही वांशिक मुळातच येते. गंमत पाहा, हा निकाल एका ज्यू शाळेच्या विरोधात लागला. दावा करणाराही ज्यूच होता.

याच निकालाचा धागा पुढे आपल्या देशातल्या एका बाईच्या कामी आला. बिहारची आदिवासी बाई. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका भारतीय कुटुंबाने तिला घरकामाला नेले. दिवसाला १८ तासांपर्यंत काम, आठवड्याचे सातही दिवस, झोपायला जमिनीवर फोमची गादी, तासाला मजुरी पडे ती काही पेन्स. सुटका झाल्यावर कायदेशीर मदत करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेचे वकील तिच्या मागे उभे राहिले. मालक म्हणाले, जातीचा मुद्दा काढून टाका, जात या कायद्यात नाहीच. डिसेंबर २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ज्यू शाळेच्या निकालाचा आधार घेत सांगितले की वांशिक मूळ या शब्दात वंशावळ येते, तेव्हा जात काही प्रकरणांत त्यात बसू शकते, मुद्दा काढता येणार नाही. २०१५ साली त्या माउलीला थकलेल्या मजुरीपोटी १ लाख ८३ हजार पौंडांहून अधिक रक्कम देण्याचा हुकूम झाला.

ब्रिटनमधल्या आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांची मागणी अशी होती, की जात हा शब्दच कायद्यात लिहा. २०१३ साली तिथल्या संसदेने सरकारवर तसे करण्याचे बंधनही घातले. बाहेर मात्र सनातनी संघटनांनी मोठी ओरड केली, आमच्यात जातिभेद नाहीच, कायदा कशाला? सरकारने लोकांची मते मागवली आणि जुलै २०१८ मध्ये जाहीर केले की जात कायद्यात लिहिणार नाही, त्या मोलकरणीच्या खटल्यातला निकाल पुरेसा आहे, आणि ते बंधनही सवडीने रद्द करू. त्यामुळे लंडनच्या किंवा लेस्टरच्या कारखान्यात आपल्या माणसाला कोणी जातीवरून हिणवले, तर त्याला आजही आपली वंशावळ कोर्टापुढे मांडून सिद्ध करावे लागते. आणि त्याच्या वकिलाच्या टेबलावर त्या ज्यू मुलाचा निकाल उघडलेला असतो.